जिवाला धोका

मिलचे वॉचमन निंबा पाटील वारले आणि थोरल्या मुलाचा, गजेंद्रचा, त्यांच्या परवान्याच्या बंदुकीवर डोळा गेला. वरातीत ती खांद्यावर मिरवायची, एवढाच त्याचा बेत. "घेऊन टाक दादा एकदाची," म्हणत धाकटा भूपेंद्र वारस म्हणून संमती द्यायला सुरतच्या परवाना कचेरीत आला.

संमती घेऊन साहेबांनी गजेंद्रला विचारलं, "बंदूक कशाला? जिवाला धोका कोणापासून?"

गजेंद्र अडखळला. वैर धरण्याइतकं त्याला ते राहत त्या अख्ख्या पांडेसरा वस्तीत कोणी मोजत नव्हतं. शेवटी त्याने शेजारी बसलेल्या भूपेंद्रकडे बोट दाखवलं. "ह्याच्यापासून, साहेब. सख्खा भाऊ आहे, पण भरवसा नाही."

भूपेंद्र उठला. "साहेब, माझी संमती रद्द करा. बंदूक याला दिलीत, तर धोका मला आहे."