मेव्हण्यासाठी

केसांचे टोप विकणाऱ्या दुकानाने गिऱ्हाइकांचे टोप घालण्याआधीचे फोटो परस्पर जाहिरातवाल्यांना विकले, आणि ते गावभरच्या मोबाइलवर झळकले. बँकेतल्या कॅशियरची तळपायाची आग मस्तकात गेली. "एकट्याला कोण विचारतंय? सगळे मिळून कोर्टात खेचू!" म्हणत त्याने सभा बोलावली. हॉल खचाखच भरला.

"ज्यांचे फोटो फुटले त्यांनी हात वर करा. सगळ्यांचा मिळून एकच दावा ठोकते," वकीलबाई म्हणाल्या.

एक हात हलेल तर शपथ!

"मी आपला मेव्हण्यासाठी आलोय," कॅशियर पुटपुटला. बाकीचेही मेव्हण्यासाठीच आले होते.

वकीलबाईंनी वैतागून पंखा पाचवर केला, आणि सगळ्यांचे हात झटक्यात वर गेले, आपापल्या डोक्यावर. कॅशियरचे तर दोन्ही!