खबरीच्या अक्षरातले वडील

झोर्नित्साने तिसरे पान उलटले आणि अक्षर आईचेच आहे, याविषयी तिला शंका उरली नाही.

सोफियातील त्या वाचनकक्षात जुन्या गुप्त पोलिसांचे कागद नातलगांना पाहावयास मिळत. चाळीस वर्षांपूर्वी तिचे वडील मेतोदी यांना जादूगारावर लिहिलेल्या एका कादंबरीपायी अटक झाली. हस्तलिखित जप्त झाले आणि ते तुरुंगातच वारले. तेव्हा ती वर्षाची होती. अटकेआधी घरातल्या खबरा पोलिसांना कोण देत होते, एवढेच तिला जाणून घ्यावयाचे होते.

‘मेतोदी पाव कापण्यापूर्वी हुंगतो. खोटे बोलताना कानाची पाळी चोळतो. ज्या किल्लीला कुलूप नाही, अशी किल्ली खिशात बाळगतो. वाटेत कुणाची टोपी पडली, तर आपलीही काढून जमिनीवर ठेवतो, म्हणजे त्या माणसाला वाकताना लाज वाटू नये.’

आईने वडिलांविषयी कधी अवाक्षर काढले नव्हते. आज ते प्रथमच तिच्यासमोर उभे राहिले. तिला राग आला नाही. काहीच आले नाही.

“रडायचं तर बाहेर हं, बाई. शाई फुटते,” कारकून गेर्गाना म्हणाली.

“रडत नाहीये मी.”

“तेच वाईट. कोण निघालं? शेजारी?”

“आई.”

गेर्गानाने आपल्या चहाचा पेला तिच्याकडे सरकवला.

झोर्नित्साने बाहेर जाऊन फोन लावला.

“मिरच्या भरून ठेवल्यात,” आई म्हणाली. “येतेस ना? की उपाशी मारतेस म्हातारीला?”

“बाबांच्या खबरा तू लिहिल्यास?”

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “लिहिल्या. तुला अनाथालयात टाकू म्हणाले होते. सगळं वाचलंस?”

“वाचलं तेवढं पुरे. मी येणार नाही, आई. आज नाही आणि पुढेही नाही.”

ती कागद परत करावयास आली.

“शेवटचं पान राहिलं,” गेर्गाना म्हणाली. “सगळं पाहिलं, अशी सही लागते. नियम आहे, माझा हट्ट नव्हे.”

झोर्नित्साने ते पान उघडले. खाली अधिकाऱ्याचा शेरा होता:

‘घराची झडती घेतली. किल्ली सापडली नाही. या बाईने कळवलेली प्रत्येक लकब जप्त कादंबरीतील म्हाताऱ्या जादूगाराची आहे. तिला शाळेच्या नोकरीतून काढावे. नवऱ्याविषयी तिने आम्हांस आजवर एक अक्षरही सांगितलेले नाही.’