वाडग्याचं नाव

कोरियाहून आलेला चहाचा वाडगा चारशे वर्षांत दोन भूकंपांना आणि एका महायुद्धाला पुरून उरला होता. माझ्या हातात तो अकरा सेकंद टिकला. “हारुमिची, घड्याळ काढून ये,” चहाविधी शिकवणाऱ्या शिओमीबाईंनी दारातच तीनदा बजावलेलं. “जपतो हो, बाई,” म्हणत मी आत घुसलो. वाडगा फिरवताना काठ घड्याळावर आपटला. बाईंनी आधी विचारलं, “भाजलं नाही ना रे?” ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तुकडे सोन्याने सांधून घेतले आणि रिवाजाप्रमाणे वाडग्याला नाव दिलं. आजच्या चहाविधीत मुख्य पाहुणा मी, त्यामुळे ते विचारण्याचा मानही माझाच. “बाई, वाडग्याचं नाव?” “हारुमिची,” बाई शांतपणे म्हणाल्या. शेजारी बसलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्या आजी गहिवरल्या. “कोण हो हे? थोर कुंभार?” “नाही, विद्यार्थी. अजून शिकतोय.” मी मनगट बाहीत लपवलं. घड्याळ आज घातलंच नव्हतं.