गुण आला

वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हापासून खर्ड्याच्या जालिंदररावांचा एकच हेका होता. "भागिरथी उभी राहनार न्हाई. बायको पंचायतीत बसल्यावर मी काय चुलीपुढं बसू?"

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळीच त्यांच्या छातीत जोराची कळ आली. जीपनं त्यांना जामखेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हार्ट अ‍ॅटॅक ओळखून रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध सलाईनमधून सुरू केलं. "पुन्हा गुठळी धरू नये म्हणून ही अ‍ॅस्पिरिन चावून खा. दोन्ही मिळूनच काम करतात," ते म्हणाले.

जालिंदररावांना वाटलं, छातीच्या दुखण्यावर डोकेदुखीची गोळी देतायत, म्हणजे आपलं काही खरं नाही! त्यांनी सगळ्या पेशंटांसमोर बायकोचा हात धरला आणि ते हमसून हमसून रडले. "भागे, मी चाललो. तू उभी ऱ्हा. माझा शब्द हाय."

त्यांना कधी डुलकी लागली, कळलंच नाही. जागे झाले तेव्हा कळ पार गेली होती आणि चहाची तलफ आली होती. मघाचं आपलं रडणं आठवून ते ओशाळले. शब्द मागं घ्यावा म्हणून बायकोला हाक मारली.

"धोका टळला म्हटल्यावर बाई समोरच्या तहसील कचेरीत अर्ज भरायला गेल्या," नर्स म्हणाली.



जालिंदररावांनी डॉक्टरांकडे केविलवाणं पाहिलं. "इतक्या लवकर गुण येतो, हे आदी सांगायचं न्हाई का वो, डॉक्टर?"