धाकट्या बाईंचा प्रस्ताव

“अडवून ठेवलाय तिनं माझा प्रस्ताव!” मोठ्या बाई कक्षात शिरता शिरताच कडाडल्या. “पाचला मुदत संपतेय, आणि तुम्ही बसा नुसते बघत!”

प्रस्ताव कक्षाचा अधिकारी कीबोर्डवरचे बिस्किटाचे कण फुंकत होता. त्यानं घाईनं खुर्ची पुढे केली. बाई बसल्या, पण पाठ टेकली नाही. भांडायला आलेल्या माणसानं टेकून बसायचं नसतं.

विद्यापीठाची रीतच तशी होती. संशोधनाला पैसे हवेत तर प्रस्ताव याच कक्षातून बाहेर जायचा, आणि विभागप्रमुखानं संगणकावर मंजुरी दिल्याशिवाय कक्ष त्याला हात लावायचा नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रमुख मोठ्या बाई. आता स्वतःच्या प्रस्तावाला स्वतःच कशी मंजुरी देणार? तो मान धाकट्या बाईंचा. म्हणजे हिची दोरी तिच्या हातात नि तिची हिच्या. त्यात यंदा दोघींनी एकाच ठिकाणी हात पसरला होता, आणि पदरात पडणार होतं एकीच्याच.

धाकट्या बाई म्हणजे कोण, तर मोठ्या बाईंचीच विद्यार्थिनी. सूक्ष्मदर्शकाला डोळा कसा लावायचा इथपासून शिकवलेली. तिचा प्रस्ताव दोन दिवस मोठ्या बाईंकडे पडून होता. पडून कसला! पोरीच्या डोक्यातल्या उवा शोधाव्यात तसा त्यांनी तो ओळीओळीनं विंचरला होता. जमिनीत पाणी कुठं आहे ते झाडाच्या मुळाला कळतं कसं, एवढाच प्रश्न. पण असा मांडलेला की वाचता वाचता बाईंचा चहा गार झाला. तेव्हापासून पोटात निखारा. त्यांचा स्वतःचा प्रस्ताव पानांवरच्या डागांचा, नवं झबलं घालून तिसऱ्यांदा पाळण्यात टाकलेला.

मंजुरी द्यायला बोट उठत नव्हतं. आपलं उठत नाही म्हणजे तिचंही उठत नसणार, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. संगणकावर बघता आलं असतं, पण खात्री असलेल्या गोष्टीची खात्री कोण करतं? शिवाय, तीही आपला वाचून जळत असेल या विचारानं जरा बरंही वाटत होतं.

“बाई, तुमचा तर कालच आला आमच्याकडं. पुढंही गेला.”

“गेला?”

“धाकट्या बाईंनी इथं आल्या आल्या मंजुरी दिली. अडकलाय तो त्यांचा.” अधिकारी जरा खाकरला. “तुमच्याकडं.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“मग? काय काय चुका काढल्या माझ्यात?”

“चुका कसल्या! त्यांनी उघडलाच नाही. मी म्हटलं, एकदा नजर तरी टाका. तर म्हणाल्या, बाईंचाच आहे ना, मग वाचायचं काय त्यात?”

बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं. एका बाजूनं नमस्कार दिसत होता, दुसऱ्या बाजूनं थोबाडीत. त्यांनी थोबाडीतच घेतली.

“हसत म्हणाली?”

“कुणास ठाऊक. घाईत होत्या. प्रयोगशाळेत रोपं उघडी टाकून आल्या होत्या म्हणे.”

जळणं राहिलं बाजूला, बघावंसंही वाटलं नाही पोरीला. डागांचा प्रस्ताव तो, बघायचा काय!

अधिकाऱ्यानं कीबोर्ड बाईंपुढं सरकवला. “इथूनच द्या मंजुरी, तुमच्या नावानं. आणि काही दुरुस्ती सुचवायची असेल तर सांगा. मग मात्र आज जायचा नाही तो.”

बाईंनी तोंड उघडलं. दोन दिवसांत दुरुस्त करण्याजोगा एक शब्द हाती लागला असता तरी पुरे होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. दुखरी दाढ उपटावी तसा निघाला तो नकार.

मग मुंगी चिरडावी तसं त्यांनी बटण दाबलं.

“गेला!” अधिकाऱ्यानं खुर्चीत अंग सैल सोडलं.

बाई दारापर्यंत पोचल्या आणि वळल्या. “तिला कळवाल ना?”

“आत्ताच करतो फोन. जीव टांगणीला लागला असेल त्यांचा.”

“मग सांगा तिला,” मोठ्या बाई म्हणाल्या, “मीही उघडून बघितला नाही म्हणावं.”