बरं दिसेल ते

"ताई, तुम्ही नापास झालात," मानसतज्ज्ञ म्हणाले आणि टेबलावरचा कागद उगाचच सरळ केला.

ताई समोरच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती, तीही हंगामी म्हणून. दरवर्षी नेमणुकीचं नवं पत्र, दरवर्षी तीच धाकधूक. यंदा हंगामी लोकांना कायम करायचं ठरलं होतं. अट एकच, व्यक्तिमत्त्व चाचणी पास व्हायची. नापास होईल त्याला नारळ. सकाळी निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुला कसली गं भीती? ती परीक्षा तुझ्यावरूनच बेतलीय ना?"

सासूबाईंचं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांच्या मनात आलं, सगळ्या खिडक्यांवर ताईंसारखीच माणसं हवीत. लोक ताईंच्या खिडकीवर रडत यायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या नळाला पाणी यायचं. हे कसं जमतं, ते ताईंनाच विचारणं फार सोपं झालं असतं. म्हणून मानसतज्ज्ञांना बोलावलं. ते दोन दिवस ताईंच्या मागे स्टुलावर बसले, वहीत 'स्वर सौम्य', 'चेहरा प्रसन्न' असं काहीबाही लिहिलं आणि मग दोनशे विधानांचा कागद ताईंकडून भरून घेतला. मला माणसांत रमायला आवडतं, होय की नाही? माझा आवाज सहसा चढत नाही, होय की नाही? ताईंनी जे लिहिलं ते बरोबर उत्तर ठरलं. खरं तर अशा कामाला शेकडो माणसांची उत्तरं तपासावी लागतात. पण साहेबांना घाई होती, आणि शितावरून भाताची परीक्षा करायला वेळ कमी लागतो.

त्या चाचणीतून आठ जण निवडले गेले. आठही जण गोड. फुटलेल्या पाइपाची तक्रार ते इतक्या मायेनं लिहून घेत की, घरी पोचल्यावर लोकांना आठवायचं, पाइप अजून फुटलेलाच आहे. तक्रारी तिपटीनं वाढल्या. नागरिकांच्या अपेक्षाच अवास्तव आहेत, असा निष्कर्ष मानसतज्ज्ञांनी काढला आणि लगे हात चाचणीही सुधारली. सुधारणा म्हणजे काय, तर बनेल उमेदवार पकडायला अधूनमधून बारा सापळे पेरले. 'मला कधीच राग येत नाही.' 'मी पाठीमागे कोणाचीही निंदा करत नाही.' अशा विधानांना जो सरसकट होय म्हणेल, तो खोटं बोलतोय असं समजायचं.

ताईंनी बाराही ठिकाणी होय लिहिलं होतं.

"उत्तरं तपासणारं मशीन म्हणतं, उमेदवारानं उत्तरं रचून दिलीत," मानसतज्ज्ञ म्हणाले. "आता मशीनला काय कळणार? तुमच्यासारखी माणसं लाखात एक. आपण असं करू, मी पुन्हा कागद देतो. चार-पाच ठिकाणी 'नाही' लिहा. थोडं खोटं लिहिलंत ना, की मशीनला तुम्ही खऱ्या वाटाल."

ताईंनी पदराशी चाळा केला. मग म्हणाल्या, "सर, मशीन बरोबर बोलतंय."

"म्हणजे?"

"मला राग येतो. रोज येतो. मी ओरडल्याशिवाय फिटर जागचा हलत नाही. 'तासाभरात पोचला नाहीस तर पाना घेऊन मीच येते, आणि आधी तुझे नटबोल्ट आवळते,' असं सुनावते मी त्याला. तुम्ही मागे बसलात ते दोन दिवस तोंड आवरलं. परक्या माणसापुढे कशाला शोभा? त्या दोन दिवसांत एकाच्याही नळाला पाणी आलं नाही, तुम्ही बघितलं नाहीत का? मग कागद दिलात, त्यावरही बरं दिसेल ते लिहिलं. या वेळी पोटाचा प्रश्न, म्हणून जास्तच बरं लिहिलं."

"अहो, पण दोनशेच्या दोनशे?"

"फुलं आवडतात, ते खरं होतं."

मानसतज्ज्ञांना घाम फुटला. आठ खिडक्यांवरची आठ हसरी माणसं त्यांनी निवडली होती, ती जगात नसलेल्या एका बाईशी जुळतात म्हणून. चाचणी आणखी चार कार्यालयांनी मागवली होती. पुढच्या आठवड्यात तिच्यावर त्यांचं भाषण होतं.

ताई उठल्या. "साहेबांना जाऊन सगळं सांगते. नोकरी जायची तर जाऊ दे. मी तोंडाळ आहे सर, खोटारडी नाही."

"बसा, ताई." मानसतज्ज्ञांनी चटकन उठून दार लावलं. मशीनचा निकाल खोडला, शेजारी 'उमेदवार शंभर टक्के योग्य, कायम करावे' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. "झालं. साहेबांना उगाच कशाला त्रास? फक्त एक करा. उद्यापासून त्या चार कार्यालयांचे लोक तुम्हाला बघायला येतील. त्यांच्यामागून आणखी येतील. तेव्हा ते फिटरला सुनावणं वगैरे बंद. चाचणीत लिहिलंय तसं वागायचं."

"रोज?"

"कायम."

ताईंनी बंद दाराकडे पाहिलं. दारापलीकडे त्यांच्या खिडकीसमोरची रांग सकाळपासून ताटकळत होती. मग त्यांनी सही केलेल्या कागदाकडे पाहिलं. एकोणीस वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली तो हाच. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रागावला नाहीत ना, ताई?" मानसतज्ज्ञांनी विचारलं.

ताईंनी कागदाची नीट घडी घातली आणि गोड हसल्या.

"छे हो, सर. राग कसला?"