उठायचं नाही

फोन वाजला तेव्हा स्तोयनाच्या तोंडात घेवड्याच्या आमटीचा दुसरा घास होता.

फोन खिडकीत, चार्जिंगला लावलेला. टेबलापासून तीन पावलं. वर लेकीचं, रुमियानाचं नाव लुकलुकत होतं. स्तोयनानं कपाळावर हात मारला. सकाळपासून बाई फोन खिशात घालून फिरली आणि नेमकी ताटावर बसताना विसरली.

आता उठायचं कसं? नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकदा बसलं की सगळ्यांचं होईतो कुणी उठायचं नाही. उठलं की घर पांगतं. आमच्या गावात हे पाळण्यातलं पोरही जाणतं. वाढणारीला तेवढी सूट. तिनंही वाकून चालायचं, दाण्यानं भरलेलं कणीस वाकतं तसं. पण पाव मोडणाऱ्याला तीही सूट नाही, आणि यंदा पाव स्तोयनानंच मोडला होता. नवरा होता तोवर ते त्याचं काम. "हा घराचा, हा कामेनचा, हा रुमियानाचा, हा माझा," म्हणत तिनं चार तुकडे मांडले होते.

सात वर्षांपूर्वी मुलगा, कामेन, असाच मध्ये उठला होता, सिगारेट ओढायला. "काय होतंय आई, दोन मिनिटं!" मार्चमध्ये शिकागोला गेला तो गेलाच. मागोमाग रुमियाना स्पेनला, कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला सांभाळायला. यंदा ईस्टरला नक्की येते म्हणालीये. मग? एका फोनपायी ईस्टर घालवायचा?

"वाज मेल्या, वाज," स्तोयना फोनला म्हणाली आणि भराभर जेवायला लागली. नऊ पदार्थ. सगळे तोंडाला लावले की ताट झालं, मग उठायला मोकळी. कोबीच्या पानातला भात गिळला. भरली मिरची गिळली. लसणाची पाकळी मधात बुडवून कचकन चावली, डोळ्यांत पाणी आलं. अक्रोड फोडायला घेतला आणि फोन थांबला.

अक्रोड हातातच राहिला. नवऱ्याला पुरून आली त्या दिवशीही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे शेजारच्या म्लादेनचा फोन वाजायला लागला. दुपारीच तो कुंपणावरून म्हणाला होता, "एकटी काय बसतेस स्तोयना? ये माझ्याकडे. मीही एकटाच."

"आणि माझ्या घरचं ताट कोण राखणार? तुझा बोकड?"

पलीकडचा फोन वाजत राहिला. म्लादेनही ताटावर बसलेला. तो काय उठतोय! पण फोन बंद झाला, आणि थोड्या वेळानं स्तोयनाचं दार ढकलून म्लादेन आत आला. कमरेत पार वाकलेला. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात फोन.

"काय रे हे? उठलास?"

"वाकून आलोय. माझ्या घरी वाढणारीही मीच ना!" त्यानं फोन तिच्या पावाला टेकवून उभा केला. "घे, बोल. पोरगी रडकुंडीला आलीये. माझी आमटी निवतेय." आणि तसाच वाकून, कण्हत कण्हत परत गेला.

"आई! पडलीस की काय? जीव गेला ना माझा इथे!"

"पडायला काय झालंय? जेवतेय."

"मग फोन का नाही घेतलास?"

"खिडकीत आहे."

रुमियानानं पुढे विचारलं नाही. याच घरची पोर ती.

"तू जेवलीस?" स्तोयनानं विचारलं.

"खाल्लं थोडं. म्हातारी झोपलीये तोवर तिचं सूप करून ठेवतेय. उभ्या उभ्याच खाल्लं."

"उभ्यानं? आज?"

"आई, इथे माझं ताट कोण मांडणार?"

"मी मांडलंय. खुर्ची ओढ."

"अगं पण..."

"ओढ म्हणते ना!"

परक्या स्वयंपाकघरात फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसलीस?"

"बसले."

"पुढ्यात काय आहे?"

"पाव आहे. अर्धं संत्रं."

"पाव मोड."

रुमियानानं मोडला. दोघी जेवत होत्या. स्तोयनाला आता कसली घाई नव्हती. सुकवलेल्या आलुबुखारांचं पाणी तिनं चमच्या-चमच्यानं घेतलं. फोनमधून लेकीचं चावणं ऐकू येत होतं. लहानपणी यावरून तिनं किती धपाटे खाल्ले होते.

"आई," रुमियाना म्हणाली, "ईस्टरचं ना..."

"आधी जेव."

"नाही, ऐक ना. ही माणसं म्हणतात..."

"जेवताना नको, रुमियाना."

पुन्हा चावण्याचा आवाज. स्तोयनानं अक्रोड फोडला. आतला गर पांढरा, भरलेला निघाला. वर्ष चांगलं जाणार म्हणे. तिनं तो लेकीच्या तुकड्याशेजारी ठेवला.

फोनमध्ये लांबून एक बारीक, चिरका आवाज आला. भाषा स्तोयनाला कळत नव्हती, पण म्हातारी हाक मारतेय एवढं कळलं. चावणं थांबलं.

"आई, ती जागी झाली."

स्तोयनानं चमचा खाली ठेवला.

पुन्हा हाक आली, आता जोरात. खुर्ची जराशी करकरली आणि तशीच थांबली.

"आई? उठू?"

स्तोयनानं रुमियानाच्या तुकड्यावर हात ठेवला.

"वाकून जा," ती म्हणाली.